कमलेशले हे कोणी शिकवलं?

रिसाली, भिलाई
६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

ताई,

सलाम. तू घेशील का नाई माहीत नाई, मी करून राहिलो. फोन तू उचलत नाई, व्हॉट्सअ‍ॅपवर मले बंद करून ठेवलं, म्हणून हा कागद. पत्ता माझ्या मोनालीनं दिला. पोरीवर रागावू नको, मीच तिच्या मागं लागलो होतो.

जुनं उकरायले हे पत्र नाई. पाच वर्षं झाली, चूक दोघांचीही होती, संपलं. पण इथं जे होऊन राहिलं ते तुले सांगतल्याशिवाय मले घासच गिळवत नाई!

तुले कमलेश आठवते ना? भूमिकाचा नवरा, भिलाई-३ च्या लोको शेडमध्ये टेक्निशियन आहे तो. वर्षभर झालं, तो आपल्या चर्चच्या मराठी मंडळीत येत नाई. रविवारी स्वतःच्या घरी सभा घेते. अन् शिकवते काय? दवा घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. ज्याचा विश्वास पक्का, त्याले गोळी लागत नाई. आपली सात घरं तिकडं जाऊन राहिली. सात!

अन् त्यात मथुराबाई. होय, तुझी मैत्रीण मथुरा. डिसेंबरात तिनं बीपीच्या गोळ्यांचा डबा कमलेशच्या हातात दिला अन् म्हणाली, "घे, आता मले नको." तिची सून पंचफुला परवा पाळकसाहेबाकडं रडत आली. सासूचं डोकं सारखं दुखते, उभी राहिली की भिंत धरते, पण गोळीचं नाव काढलं की तोंड फिरवते.

काल चर्चमध्ये आमच्या वडीलमंडळाची मीटिंग झाली. कमलेशले कोण समजावणार? सगळ्यायनं माझ्याकडं पाह्यलं! पाळकसाहेब निघताना म्हणाले, "प्रफुल, हळू जा. विरोध करणाऱ्याशी भांडायचं नाई, सौम्यतेनं शिकवायचं. कदाचित देव त्याले मागं फिरायची बुद्धी देईल. वचन आहे तसं." मी हो साहेब म्हणालो. पण ताई, खोट्याशी कसली आली सौम्यता? मी अठरा वचनं काढली आहेत, लहान कागदावर, खिशात मावतील अशी. आज रेल मिलमध्ये क्रेनवर बसून बी तेच पाठ करत होतो. खालून सिग्नल देणारा शिट्टी वाजवून वाजवून थकला.

रविवारी त्याच्या सभेतच जाऊन उभा राहतो. काय होते ते लगेच लिहितो.

तुझा
प्रफुल

१० फेब्रुवारी, सोमवार

ताई,

जिंकलो!

पंधरा-सोळा माणसं बसली होती. कमलेश बोलून राहिला होता. मी दारातूनच म्हणालो, "एक प्रश्न आहे." अन् मग सुरू. अठराच्या अठरा वचनं, एकामागून एक. देवानंच वैद्य दिले, झाडपाला दिला, शास्त्रात वाटेत पडलेल्याच्या जखमेवर तेल ओतणारा माणूस चांगला ठरला, सगळं सांगतलं. त्यानं दोनदा तोंड उघडलं, मी दोनदा बंद केलं. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. नुसता पाहत राहिला. मी सगळ्यायसमोर म्हणालो, "हा खोटा शिक्षक आहे. लोको दुरुस्त करायचं शिकला, शास्त्र नाई शिकला!"

भूमिका पाण्याचा गिलास घेऊन आली होती. मी घेतला नाई. मी म्हणालो, "या घरचं पाणी मी आधी शिकवण नीट झाल्यावर पिईन."

हे लिहिताना बरं वाटलं पाहिजे होतं.

मथुराबाई कोपऱ्यात खुर्चीवर होती. म्हणाली, "प्रफुल, तू घरी जा बापा." मी निघालो. दारापर्यंत कोणी आलं नाई. माझी स्कूटी सुरू होईना, मी किक मारत उभा, अन् आत त्यायचं गाणं परत सुरू झालं. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

आज पंचफुलाचा फोन आला. आणखी चार घरं कमलेशकडं गेली. कोणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. त्यात मी ओरडताना दिसतो, अन् कमलेश हात जोडून उभा दिसते. घरात सुजाता माझ्याशी धड बोलत नाई. ती एवढंच म्हणाली, "तुमी त्याले हरवलं. समजावलं कावून नाई?"

ताई, सात घरं होती, अकरा झाली. मी बरोबर होतो ना? एकही वचन चुकलं नव्हतं.

प्रफुल

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तुझं कार्ड आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर पाह्यलं. वर नाव नाई, खाली सही नाई, मधे एकच ओळ: "कमलेशले हे कोणी शिकवलं, ते विचारलंस का?"

पहिले मले राग आला. मी म्हणालो, पाहा, इतकं सगळं लिहिलं अन् ही मास्तरीण मलेच पेपर देऊन राहिली. कार्ड फ्रिजवर ठेवलं. दोन दिवस पाणी काढायले गेलो की ते दिसे. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी सरळ भिलाई-३ ले गेलो. खिशात कागद नव्हता.

कमलेश अंगणात बसून मिक्सरची मोटर खोलत होता. मले पाहून उठला नाई. मी बाजूच्या पायरीवर बसलो. म्हणालो, "कमलेश, भांडायले आलो नाई. एक विचारायचं होतं. दवा नको, हे तू कुठून शिकला? कोण्या पाळकाकडून? मोबाईलवरून?"

त्यानं पेचकस खाली ठेवला. "खरंच विचारून राहिले का काका?"

"खरंच."

"आप ही ने तो सिखाया."

मले वाटलं तो टोमणा मारते. मी हसलो बी. मग तो मराठीत बोलू लागला, एकदम हळू. "एंजलले माती दिली त्या दिवशी. कब्रस्तानच्या गेटजवळ. तुमी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मले वाटलं, काका धीर देतील. तुमी म्हणाले, 'कमलेश, सहा दिवस तू डॉक्टरच्या तोंडाकडं पाहत राहिला. तितकं देवाकडं पाह्यलं असतं तं पोरगी वाचली असती.'"

भूमिका दारात उभी होती. ती म्हणाली, "मी बी ऐकलं होतं. मी मागंच होते."

ताई, मी म्हणणार होतो, असं मी बोललोच नाई. तोंडापर्यंत आलं होतं. पण मले तो गेट दिसला. तीन वर्षांची पोर, मेंदूज्वर, अन् मी मोठा विश्वासाचा माणूस, पांढरा शर्ट घालून. मी बोललो होतो. हे जसंच्या तसं बोललो होतो.

कमलेश म्हणाला, "तेव्हापासून मी ठरवलं, पुन्हा कोण्या घरी अशी चूक होऊ द्यायची नाई. काका, मी तुमचीच गोष्ट लोकायले सांगून राहिलो. अन् तुमी येऊन मलेच खोटा शिक्षक म्हणाले. मी काय बोलणार होतो?"

मी उठलो अन् घरी आलो. येताना स्कूटी कुठल्या रस्त्यानं आली, ते बी आठवत नाई.

आता पुढचं तुले माहीतच आहे, पण मले माझ्या हातानं लिहू दे. पहिल्या पत्रात मी "चूक दोघांचीही" असं लिहिलं. खोटं लिहिलं. माती दिली त्या संध्याकाळी, माझं बोलणं कळल्यावर, तू माझ्या घरी आली. सुजाताले चहा ठेवायले सांगतलं अन् आतल्या खोलीचं दार लावून घेतलं, बाहेर पाहुणे होते म्हणून, माझी लाज राहावी म्हणून. अन् म्हणाली, "प्रफुल, तू दुखावलेल्या माणसावर देवाच्या नावानं दगड ठेवला. चूक झाली. उद्या जा अन् परत घे. मी सोबत येते." तू आवाज सुद्धा चढवला नाई. "सोबत येते" म्हणाली होती तू.

अन् मी काय केलं? पुढच्या रविवारी समोर उभा राहून, तुझं नाव न घेता, सगळ्यायले कळेल असं बोललो: ज्या बायायचा विश्वास थंड पडला, त्यायनं मंडळीच्या वडीलायले शिकवू नये. तू तिसऱ्या बाकावर होती. उपासना संपेपर्यंत तू उठली नाई. शेवटचं गाणं बी म्हणालीस. मग बॅग घेऊन वर्ध्याले गेली.

मी पाच वर्षं लोकायले सांगतलं की ताईचा स्वभाव तापट.

ताई, तू तं मले दारं लावून समजावलं होतं, अन् मी तुले दारं उघडून मारलं. मी चुकलो. दोघं नाई, मीच. अन् तुले हे सगळं माहीत होतं, तरी तू कार्डावर "तूच शिकवलंस" असं लिहिलं नाई. नुसतं विचारलं. मले स्वतःच्या पायानं तिथवर जाऊ दिलं.

मले भीती वाटून राहिली, अन् हे लिहिताना दुखून बी राहिलं. पण ताई, हे दुखणं बरं आहे! बरं होत असतानाचं दुखणं आहे हे! शनिवारी परत कमलेशकडं जातो. यावेळी माफी मागायले जातो.

प्रफुल

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

बस, पहिले हे ऐक: मथुराबाई जिवंत आहे. चांगली आहे. आता क्रमानं सांगतो.

शनिवारी गेलो. कमलेश अन् भूमिका दोघंही होते. मी म्हणालो, "त्या दिवशी गेटजवळ मी बोललो ते खोटं होतं. देवानं ते सांगतलं नव्हतं. एंजल तुमच्या विश्वासानं गेली नाई, आजारानं गेली. मले माफ करा." बस, इतकंच. रस्ताभर मोठं भाषण तयार केलं होतं, ते निघालंच नाई.

मले वाटलं तो रडेल, गळ्यात पडेल. ताई, तो उभा राहिला अन् त्याचा चेहरा असा लाल झाला! "पाँच साल!" तो ओरडला. "पाच वर्षं मी स्वतःले मारून राहिलो. भूमिकाले मी रात्री झोपू दिलं नाई, 'तू प्रार्थना कमी केली' असं म्हणत. अन् तुमी आज येऊन म्हणता खोटं होतं? मग आता माझ्याकडं येणाऱ्या अकरा घरायले मी काय सांगू? निघा. निघा इथून."

जुना प्रफुल असता तं दोन वचनं फेकली असती. मी निघालो. भूमिका फाटकापर्यंत आली.

रविवारी सकाळी मी आपल्या चर्चमध्ये होतो. साडेदहा झाले असतील. फोन थरथरला. कमलेश. मी बाहेर आलो. "काका, या. मथुराबाईचं तोंड वाकडं झालं. आमी हॉस्पिटलात आहो."

मी कसा पोचलो, पाळकसाहेब स्कूटीवर मागं कसे बसले, विचारू नको. भूमिकानं सांगतलं ते असं: सभा सुरू होती. मथुराबाई गाता गाता थांबली, हातातलं पुस्तक पडलं, ओठ एका बाजूले ओघळला. सगळे उठले. कोणी म्हणाले, "कमलेश, डोक्यावर हात ठेव." त्यानं ठेवला. डोळे मिटले. सगळी खोली वाट पाहून राहिली. अन् त्यानं डोळे उघडले अन् म्हणाला, "गाडी काढा." एक जण म्हणाला, "अन् विश्वास?" तो ओरडला, "विश्वास गाडीत बसून करू! काढा लवकर!" त्यानं बाईले स्वतः उचललं. अंगणातून रस्त्यापर्यंत, एकट्यानं.

डॉक्टर म्हणाले, बीपी दोनशे दहा होतं, मेंदूत गुठळी अडकली, पण वेळेत आणलं. अर्धा तास उशीर झाला असता तं सांगता येत नव्हतं.

कमलेश व्हरांड्यात जमिनीवर बसला होता, भिंतीले डोकं लावून. मी जवळ गेलो. त्यानं वर पाह्यलं अन् म्हणाला, "काका, मीच हिले मारलं ना? खरं सांगा."

ताई, तीस वर्षं मी क्रेन चालवली. कितीही वजनाचा माल असो, खाली माणूस उभा असते म्हणून शेवटचा हातभर मी इतका हळू उतरवतो की टेकल्याचा आवाज येत नाई. सगळी मिल माझं नाव घेते त्यासाठी. अन् शब्द? ते मी आयुष्यभर वरूनच सोडले.

माझ्यासाठी कब्रस्तानचा तोच गेट होता तो. दुसऱ्यांदा. मी खाली बसलो, त्याच्या बाजूले, जमिनीवर.

मी म्हणालो, "दवा बंद कर म्हणणं चूक होती, कमलेश. मोठी चूक. ते शिकवणं तुले सोडावं लागेल, अन् लोकायले सांगावं लागेल. हे मी लपवणार नाई. पण ती चूक तुले मी दिली होती. तू ती खरी समजून जपली. अन् आज खोलीभर माणसं पाहत होती, तरी तू डोळे उघडून गाडी काढली. मले पाच वर्षं लागली. तुले एक मिनिट लागलं."

त्यानं माझी बाही धरली. मग एकदम, लहान पोरासारखा, "एंजल... माझ्यामुळे नाई ना गेली?"

"नाई रे बापा. नाई."

ताई, तो असा रडला! भूमिका आली अन् ती बी रडली, अन् नर्स येऊन रागावली की हा वॉर्ड आहे. पाळकसाहेब तिले म्हणाले, "बाई, दोन मिनिटं रडू द्या, पाच वर्षांचं आहे." अन् मी? मी रडता रडता हसून राहिलो होतो. असा आनंद मले माझ्या लग्नात बी झाला नव्हता, सुजाताले सांगू नको!

दुपारी मथुराबाईनं डोळे उघडले. डाव्या हातात जोर नाई, बोलणं जड आहे. कमलेश पलंगाजवळ गेला अन् म्हणाला, "आजी, मी चुकीचं शिकवलं. गोळी घ्या." ती वाकड्या तोंडानं म्हणाली, "पहिले... पाणी तं आण."

तुझा
प्रफुल

६ मार्च, गुरुवार

ताई,

रविवारी मी समोर उभा राहिलो. पाच वर्षांपूर्वी उभा होतो तिथंच. पाळकसाहेब म्हणाले होते, खाजगीत झालं ते पुरे. मी म्हणालो, नाई साहेब, ताईले मी सगळ्यायसमोर मारलं, तं परत बी सगळ्यायसमोरच घ्यावं लागेल. मी तुझं नाव घेऊन सांगतलं. सत्यभामाताई बरोबर होती, तिनं मले दार लावून समजावलं, अन् मी तिले भर मंडळीत अपमानित केलं. कब्रस्तानातलं बी सांगतलं. आवाज दोनदा गेला. कोणीतरी मागून म्हणालं, "बोला भाऊ, आमी ऐकून राहिलो."

मागच्या बाकावर कमलेश होता. भूमिका होती. अन् त्या अकरा घरांपैकी सहा! सहा घरं, ताई!

बाकी पाच घरी कमलेश स्वतः जाऊन राहिला, ड्यूटी सुटल्यावर. मी सोबत जातो, पण मागं उभा राहतो. तीन घरी लोकायनं ऐकलं. अहिवाऱ्याजवळच्या एका घरी दारच उघडलं नाई. अन् काल एका म्हाताऱ्यानं कमलेशले चांगलंच झापलं: "काल तू म्हणालास दवा पाप, आज म्हणतो दवा घ्या. उद्या काय म्हणशील?" माझी जीभ अशी सळसळली! इतकी चांगली वचनं सुचली होती! पण कमलेश म्हणाला, "बाबा, तुमचा राग बराबर आहे. मी चुकलो म्हणूनच आलो. तुमाले पटेपर्यंत येत राहीन." म्हातारा दार लावायले निघाला, मग थांबला अन् म्हणाला, "आलास तं बस. ऊन आहे." पटलं नाई त्याले अजून. पण त्यानं ताक दिलं. दोघायलेही.

सगळं गोड झालं असं समजू नको. भूमिका कमलेशशी बोलते, पण हसत नाई. "पाच वर्षं अशी एका माफीत धुऊन निघत नाई," असं ती सुजाताले म्हणाली, अन् खरं आहे. मले ती काका म्हणत नाई अजून. मी वाट पाहतो. घाई केली की मी बिघडवतो, हे आता मले समजलं.

अन् आता तुझं कार्ड! आज दुपारी आलं! मथुराबाईशी तुझं फोनवर बोलणं झालं, हे मले पंचफुलानं सांगतलं होतं, पण कार्ड येईल असं वाटलं नव्हतं. तू लिहिलं, "शनिवारी येते. मथुराकडे उतरेन, तुझ्याकडे नाही."

मी ते सुजाताले वाचून दाखवलं. मोनालीले फोनवर वाचून दाखवलं. पाळकसाहेबाले दाखवायले घेऊन गेलो. ते चष्मा लावून म्हणाले, "यात माफ केलं असं कुठं लिहिलं नाई, प्रफुल." मी म्हणालो, माहीत आहे साहेब, मी पाठपोट पाह्यलं. नाई लिहिलं. तिले वेळ लागेल, अन् ती घेईल तितका मी देईन.

मथुराबाईकडेच उतर. तिथंच राहा. मी घरी ये असं म्हणणार नाई, सुजाताच्या हातचं जेवायले बी बोलावणार नाई, तुझं तूच ठरव. फक्त दुर्ग स्टेशनवर मले येऊ दे. मथुराबाईच्या दारापर्यंत तुझं सामान आणतो अन् तिथून परत फिरतो. रस्त्यात तुले बोलायचं असलं तं बोल, नाई तं नको. यावेळी बोलणारी तू, ऐकणारा मी.

पण ताई, तू येऊन राहिली! येऊन राहिली ना!

तुझा लहान भाऊ
प्रफुल